राज्यारोहणाची पहिली अकरा मिनिटं

तुम्ही आधी चहा घ्या. गरम आहे तोवर घ्या, कारण मी एकदा सांगायला लागलो की मध्ये थांबणार नाही. थांबलो तर पुन्हा सांगायचा धीर होणार नाही मला!

माझ्या हातून आजवर झालेल्या फजित्या मोजायला बसलो तर बोटं पुरायची नाहीत. पण त्या सगळ्या मी हसत हसत सांगतो. ही एकच अशी आहे की आठवली की अजून कानाच्या पाळ्या तापतात. आणि घोळही कानांचाच!

तर मी गाव पिंपरी पेंढारचा. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. पुण्यात शिकायला होतो तेव्हा पाश्चात्य समूहगायनाच्या एका गटात दोन वर्षं मागच्या रांगेत उभा राहिलो. दोन्ही वर्षं मागच्याच रांगेत का? ते तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतंय.

तिथंच मला वेड लागलं ते प्रबोधनकाळातल्या संगीताचं. युरोपातला एक राजा. त्याचं राज्यारोहण. राजा चर्चमध्ये शिरतो तेव्हा एक संगीत, मुकुट चढतो तेव्हा दुसरं, आणि तो बाहेर पडून मिरवणूक निघते तेव्हा तिसरं. सगळं पितळी वाद्यांवर. राजाचं नाव मी सांगणार नाही. बिचाऱ्याची माझ्यामुळं आधीच पुरेशी बदनामी झालीय.

हे संगीत इयरफोनवर ऐकून ऐकून माझी खात्री झाली की जुन्नर-आंबेगावच्या माणसांनी ते ऐकल्याशिवाय त्यांचं प्रबोधन काही होत नाही. पण वाजवणार कोण? पितळी वाद्यं आणायची कुठून?

एक दिवस पारगावात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो होतो. शेजारी एका घराच्या ओट्यावर लाल कोट वाळत घातलेले. सोनेरी झालर, पितळी बटणं. आणि भिंतीला टेकवून ठेवलेले ट्रम्पेट, सॅक्सोफोन, भला मोठा भोंगा. लग्नाचा बँड!

आता माझं असं आहे, मला कल्पना सुचली की मी विचार करत नाही. विचारात फार वेळ जातो. गाडी स्टँडला लावली आणि थेट ओट्यावर चढलो.

बँडचे मालक दत्तू मास्तर ट्रम्पेट पुसत बसले होते. माझं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. राजा, मुकुट, चर्च, प्रबोधन, सगळं.

"वरात हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही मास्तर. मैफल. तुम्ही स्टेजवर बसून वाजवायचं."

"अन् लोक?"

"लोक खुर्च्यांवर बसून ऐकणार."

मास्तरांचा हात थांबला. "बसून? नाचायचं न्हाई?"

"अजिबात नाही. गप्प बसून ऐकायचं."

मास्तरांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "सर, तीस वर्सं झाली मला वाजवाया लागून. लोक आमच्या म्होरं नाचत्यात, आमच्याकडं पाठ करून. घोड्यावर नवरदेव, त्याचीबी पाठच. अन् आता तर डीजे आल्यापून पाठबी दिसंना. आमची मालकीण एवढ्या वर्सांत एकदाबी ऐकाया आली न्हाई. म्हणती, वरातीत बाईमाणसानं कुठं हुबं ऱ्हायचं? खुर्ची असंल तर यील ती." आणि आत तोंड करून ओरडले, "अगं ए, ऐकलं का? बसून ऐकायचंय म्हणं!"

आतून आवाज आला, "कोण मेलंय का?"

"न्हाई गं! राजा हुतोय कुणीतरी!"

पौष महिना ठरला. पौषात लग्नं नसतात, त्यामुळं बँडही मोकळा आणि मंगल कार्यालयही मोकळं. मास्तरांच्या डोळ्यांत जे काही दिसलं ते मी तेव्हा उत्साह समजलो. तो उत्साह नव्हता हो. त्या माणसाला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, लोकांनी आपलं वाजवणं बसून ऐकायला हवं होतं. आणि ते त्यानं माझ्या हातात दिलं होतं. माझ्या!

आता उरला नगारा. मिरवणुकीला नगारा हवाच. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, लोणीच्या किसन नानांना विचारा, त्यांच्या घरात पूर्वी वाजवायचे. एवढं ऐकलं आणि मी गाडीला किक मारली. पुढचं वाक्य ऐकायला थांबलो नाही. थांबलो असतो तर हा किस्साच घडला नसता.

नानांचं घर नेटकं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, दाराशी बूट, तोंड पाहून घ्यावं इतके चकचकीत. नाना सत्तरीचे, पांढरा इस्त्रीचा शर्ट, खुर्चीत पाठ ताठ. हे सगळं मला दिसत होतं बरं का. दिसत होतं, पण त्यावरून काही सुचत नव्हतं.

घरात पाऊल ठेवल्यावर माझं पहिलं वाक्य काय असावं? "नाना, मी जातपात वगैरे अजिबात मानत नाही."

कुणी विचारलं होतं का? कुणीही नाही!

नानांची मुलगी सुजाता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

मी सुटलोच होतो. "तुमच्या घराण्यात वाजवण्याची परंपरा आहे, नाना! राजाच्या मिरवणुकीत पुढं नगारा वाजवायचा तो तुम्हीच. दुसऱ्या कुणाचा तो हक्कच नाही. हा तुमचा वारसा आहे!"

सुजातानं कप माझ्यासमोर ठेवला. हळूच ठेवला, पण मला तो आपटल्यासारखा ऐकू आला. "सर, आमच्या आज्यानं हलगी खाली ठेवली ती छप्पन साली. का ठेवली, ते इतिहासाच्या सरांना ठाऊक असंल."

"हो हो, ते मी शिकवतो! पण हे वेगळं आहे. हे सन्मानाचं वाजवणं. साक्षात राजाचं!"

"राजा कुणाचाबी असू द्या. त्याच्या म्होरं वाजवत चालायचं कुणी, ते तुमी आमच्या घरी यायच्या आधीच ठरवून आला की."

"सुजे, ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "सर, नगारा मी न्हाई वाजवणार. पण वाजवण्यातलं थोडंफार कळतं मला. तुमी परदेशी कागद बसवताय म्हणं. बघू का जरा? मी चोवीस वर्सं—"

आणि इथं, मंडळी, मी नानांना तोडलं. म्हणालो, "नाना, ते युरोपियन स्वरलेखन असतं. रेघांवर टिंबं. ते तुम्हाला नाही समजायचं."

हे वाक्य मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलंय. सौम्य करून सांगता आलं असतं. पण मग हा किस्सा सांगण्यात अर्थ काय?

नाना नुसते हसले. "बरं. मग तालमीला येऊन बसलो तर चालंल?"

"या की!" मी उदारपणे परवानगी दिली. मीच ना तो उदार!

नगाऱ्याविनाच तालीम सुरू झाली, मास्तरांच्या रिकाम्या कांदाचाळीत. दिवाळीची अख्खी सुट्टी घालवून मी ती रेघांवरची टिंबं सारेगमत उतरवली होती. प्रत्येकाला वेगळा कागद. ट्रम्पेटला वेगळा, सॅक्सोफोनला वेगळा, भोंग्याला वेगळा आणि एक कॅसिओवाल्याला.

मास्तरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "सर, सूर कुठला धरायचा?"

"कागदावर आहे ना, सा."

"तसं न्हवं. आमी काय करतो, एकानं सूर धरला की बाकीचे त्याला कानानं गाठत्यात. कुणाचं बोट कुठं पडतंय त्ये ज्याचं त्यो बघतो."

"मास्तर, नेमकं तेच करायचं नाही! कानानं नाही. हे अंदाजपंचे चालणारं वरातीचं संगीत नाहीये. कागदावर सा लिहिलाय, सा वाजवा. प्रत्येकानं आपापला. कान बंद, डोळे उघडे!"

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते खडूनं चाळीच्या फळीवर लिहून ठेवलं.

आता तुमच्यात कुणी वाजवणारं असेल तर त्यानं एव्हाना डोक्याला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो, कारण हे मला नंतर भर सभेत कळलं. प्रत्येक वाद्याचा सा वेगळ्या ठिकाणी असतो. ट्रम्पेटवाल्यानं ज्याला सा म्हणायचं तो कॅसिओवरच्या कोमल नीवर पडतो. सॅक्सोफोनचा सा जाऊन पडतो कोमल गवर. म्हणजे सगळ्यांनी कागदावरचा सा प्रामाणिकपणे वाजवला तर काय होईल?

झालं तेच. मी हात वर केला, खाली आणला, आणि कांदाचाळीतून असा आवाज निघाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली ती दोन दिवस परत आली नाहीत.

मास्तरांनी ट्रम्पेट तोंडातून काढलं. "सर, कायतरी फाटतंय."

"फाटत नाहीये, मास्तर. हाच अस्सल आवाज! रेकॉर्डिंगमध्ये ते गुळगुळीत करतात. त्या काळात असंच खडबडीत असणार. आपले कान डीजेनं बिघडलेत."

सॅक्सोफोनवाला राजू म्हणाला, "पण सर, माझा सा अन् मास्तरांचा सा निस्ते भांडत्यात राव."

"भांडू द्या. तो काळच तसा होता. सगळेच भांडत होते!"

कोपऱ्यात उलट्या क्रेटवर नाना बसले होते. त्यांनी हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा, सरळ. "सर, एक मिनिट. सॅक्सोफोनचा कागद जरा—"

"नाना, नंतर. लय तुटते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा हात. "नंतर, नाना." तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी तर हात दिसू नये म्हणून त्या कोपऱ्याकडं पाठ करून उभा राहायला लागलो. एक दिवस हात वर व्हायचा बंद झाला. मी मनात म्हटलं, चला, नानांना संगीत कळायला लागलं.

शेजारच्या आत्याबाई येऊन गेल्या. "मास्तर, म्हस पान्हा चोराया लागली. कवा संपायचं ह्ये?" मी वहीत नोंद केली: जनावरांवर खोल परिणाम होतो.

मास्तर मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. एकदा तालीम संपल्यावर म्हणाले, "सर, खरं सांगू? मला ह्यात ग्वाड कायबी लागंना. पण तुमी शिकलेलं. तुमी म्हणताय म्हंजी असंल."

त्यापेक्षा त्यांनी मला चाळीतून हाकलून द्यायला हवं होतं हो! पण त्यांनी स्वतःच्या तीस वर्षांच्या कानांवर विश्वास ठेवायचं सोडून माझ्यावर ठेवला.

कार्यक्रमाचा दिवस. संध्याकाळी पाच. मंगल कार्यालय गच्च भरलेलं. पारगावची माणसं, लोणीची माणसं, मागच्या बाजूला ऊसतोडीची काही कुटुंबं लेकरं घेऊन. पहिल्या रांगेत मधोमध मास्तरांच्या मालकीण. ठेवणीतली साडी, अंबाड्यावर गजरा, मांडीवर रुमाल. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले होते, जणू कुणी उठवायला येईल.

स्टेजवर राजासाठी मी सिंहासन रिकामं ठेवलं होतं. सिंहासन म्हणजे नवरा-नवरीचा तो लाल मखमली सोफा. प्रमुख पाहुणे माजी सरपंच अण्णा आले, सरळ चालत गेले आणि सोफ्यावर बसले. त्यांना वाटलं, एवढी चांगली खुर्ची दुसऱ्या कुणासाठी असणार? मी म्हटलं, बरं झालं, राजा आपोआप मिळाला.

वादकांच्या गळ्यात मी त्या काळच्या झालरीच्या गळपट्ट्या घातल्या होत्या. आमच्या इथं तशा मिळत नाहीत, म्हणून कागदी पत्रावळ्यांना मधोमध भोक पाडून. राजूची पत्रावळ सॅक्सोफोनच्या दोरीत अडकून सारखी हनुवटीवर चढत होती.

मग मी प्रास्ताविक केलं. पंचवीस मिनिटं. त्यातलं शेवटचं वाक्य ऐका: "हे संगीत सुरुवातीला तुमच्या कानांना खुपेल. कारण तुमच्या कानांना चांगल्याची सवय नाही. पण उठू नका!"

आणि हात वर केला.

त्या अकरा मिनिटांचं वर्णन कसं करू? राजा चर्चमध्ये शिरला. शिरताना त्याला दारच सापडेना, असं वाटत होतं. मग मुकुट चढायला लागला. ट्रम्पेट एकीकडं ओढतंय, सॅक्सोफोन दुसरीकडं, कॅसिओ मधल्यामध्ये रडतोय आणि खालून भोंगा सगळ्यांवर गुरगुरतोय. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शांतपणे कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. मागं एक तान्हं मूल रडायला लागलं, आणि खरं सांगतो, पाच वाद्यांत तेच काय ते सुरात होतं.

मी मात्र डोळे मिटून हलत होतो.

मध्येच डोळे उघडले आणि नजर गेली ती नेमकी मास्तरांच्या मालकिणीकडं. सुरुवातीला त्यांची मान ताठ होती. मग त्यांनी एकदा डावीकडं पाहिलं, एकदा उजवीकडं. लोक काय करतायत, ते पाहत होत्या. मग त्यांनी मांडीवरचा रुमाल उचलला, त्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. आणि मग खाली मान घालून आपल्याच पायांकडं बघत बसल्या.

मास्तरही तिकडंच बघत होते. गाल फुगवून, ट्रम्पेट तोंडाला लावून, डोळे बायकोकडं.

तेव्हा, तेव्हा कुठं मला पहिल्यांदा शंका आली. एखाद्या अस्सल कलावंतानं काय केलं असतं? थांबवलं असतं. मी काय केलं? मी मान डोलावली आणि हातानं खूण केली: आणखी मोठ्यानं!

अकरा मिनिटांनी मुकुट चढून झाला. सभागृहात शांतता. इतकी शांतता की रस्त्यावरून चाललेल्या बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज आत येत होता. मी म्हटलं, लोक भारावले.

सोफ्यावरून अण्णा उठले. माईक घेतला. अत्यंत मायाळू आवाजात म्हणाले, "वा, वा. आता वाद्यं जुळली असतील, तर कार्यक्रम सुरू कराया हरकत न्हाई. मंडळी कवाधरनं बसल्यात."

कुणी हसलं असतं ना, तर मी वाचलो असतो. कुणीही हसलं नाही. सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. चला, सुरू होतंय एकदाचं म्हणून!

पण सुरू काय करणार? आमच्याकडं वाजवायला आणखी काहीच नव्हतं! शेवटची मिरवणूक तेवढी राहिली होती, आणि तीही ह्याच जातकुळीची. मास्तर उभे राहिले. घामानं गळ्यातली पत्रावळ लोळागोळा झालेली. ते माझ्याकडं बघत होते. रागानं बघितलं असतं तरी चाललं असतं. पण ते वाट बघत होते, मी काय सांगतो याची. अजूनही!

शेवटच्या रांगेतून कुणीतरी उठलं. किसन नाना. मधल्या वाटेनं चालत आले, एकेक पाऊल मोजल्यासारखं. स्टेजवर चढले. माझ्या बगलेतली फाईल काढून घेतली. त्यात मूळ छापील कागद होते, रेघांवरच्या टिंबांचे. नानांनी ते वर्तमानपत्र चाळावं तसे चाळले.

"मास्तर, तुमची परवानगी हाय का?"

"नाना, कायबी करा," मास्तर म्हणाले.

"मी पलटणीच्या बँडात व्हतो. चोवीस वर्सं ट्रम्पेट वाजवलं, त्यातली धा वर्सं बँड चालवला. असले कागद रोज सकाळी." हे ते मास्तरांना सांगत होते, पण माईक चालू होता. अख्ख्या कार्यालयानं ऐकलं. मीही ऐकलं. "तुमच्या पोरांचं कायबी चुकलं न्हाई. चौघांनी आपापला सा वाजवला, पण चौघांचे सा चार गावचे. कागद खाली ठेवा समद्यांनी. कॅसिओ, काळी पाच धर. हां. मास्तर, ह्यो तुमचा सा. राजू, तू तुझा सोड अन् मास्तरांना गाठ. कसं गाठायचं?"

"कानानं," राजू म्हणाला. आणि त्यानं गळ्यातली पत्रावळ काढून फेकली.

"पहिलं दोन तुकडे ऱ्हाऊ द्या. मिरवणूक तेवढी वाजवू. बोटं तुमची बसल्यात, नुसती जागा बदलायची." नानांनी चाल गुणगुणली. एकदा वरची, एकदा मधली, एकदा भोंग्याची. दहा मिनिटं लागली. लोक बसून होते.

मग मास्तरांनी ट्रम्पेट तोंडाला लावलं.

मी ते संगीत शेकडो वेळा ऐकलं होतं, इयरफोनवर. पण ते असं असतं हे मला ठाऊक नव्हतं. वरून मास्तरांचा सूर आला, राजूनं खालून त्याला हात दिला, भोंग्यानं दोघांना खांद्यावर घेतलं आणि राजा निघाला. मास्तर दोन-तीन ठिकाणी वरातीतल्यासारखी हरकत घेत होते. कागदावर ती नव्हती. पण ती घेतली नसती तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं असतं.

कुणी उठलं नाही. कुणी नाचलं नाही. आजोबांनी खिशातलं मशीन काढून पुन्हा कानात घातलं. मास्तरांच्या मालकिणीनं मान वर केली, ती शेवटपर्यंत खाली घातली नाही.

आणि मी? मी खांबाला टेकून उभा होतो. थोड्या वेळानं लक्षात आलं, माझा हात ताल देतोय. तोही चुकीचा. मी हात खिशात घातला.

लोकांनी ती मिरवणूक तीनदा वाजवायला लावली. राजा तीनदा राज्यावर बसला असेल!

सगळं पांगल्यावर मी नानांसमोर जाऊन उभा राहिलो. माफी मागायची ठरवून गेलो होतो. तोंडातून काय निघालं? "नाना, तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

सुजाता शेजारीच होती. "हात वर केला व्हता की त्यांनी, सर. किती वेळा, अप्पा?"

"सात," नाना म्हणाले. पलटणीतला माणूस. मोजून ठेवले होते.

मला वाटलं, फरशी दुभंगेल तर बरं. "नाना, चुकलो. आणि त्या दिवशी तुमच्या घरी येऊन मी ते नगाऱ्याचं, वारशाचं..."

नानांनी माझी फाईल मला परत दिली. आतले कागद क्रमानं लावलेले. "सर, सुराची चूक व्हती ती मी दुरुस्त केली. ती दुसरी तुमची तुमी करायची. त्यात मी कायबी सांगणार न्हाई."

रागावून नाही हो. अगदी शांतपणे. म्हणून तर ते वाक्य अजून माझ्या मानेवर बसलंय.

शेवटी मास्तरांकडं गेलो. ते ट्रम्पेट पेटीत ठेवत होते. मालकीण शेजारी उभ्या, हातात रुमाल, डोळे ओले. मी हात जोडले. "मास्तर, माफ करा. तुमच्या आयुष्यातला एकुलता एक कार्यक्रम, आणि मी त्याची माती करत होतो. काकू, तुम्हालाही खाली मान घालायला लावली मी."

मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, माती कशाची? लोक तीनदा बसून ऐकून गेले. अन् खरं सांगू, तुमी न्हसता तर ते जमलंच नसतं."

मला भरून आलं. "म्हणजे, तुम्हाला माझ्यावर राग नाही?"

"राग? अवो, परवा रातच्याला मी अन् मालकीण ह्येच बोलत व्हतो, लोकांना आवडंल का न्हाई म्हणून. आज मला कळलं कसं आवडवायचं ते. वळसेवाडीवाल्यांनी आत्ताच पुढच्या महिन्यात बोलावलंय. तिकडंबी तुमी या. पहिली अकरा मिनिटं तुमीच घ्या, आज घेतली तश्शीच." आणि डोळे मिचकावून म्हणाले, "तेवढं ऐकल्यावर मागनं आमी कायबी वाजवलं तरी लोकांना ग्वाडच लागतंय बगा!"

काकू तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या. राजू हसला. नाना पाठमोरे होते, पण त्यांचेही खांदे हलताना मी पाहिले.

आणि आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला एवढी लाज वाटत होती, एवढी लाज वाटत होती, की मी खिशातून वही काढली आणि तारीख विचारली.